रात्री ओरडणारी मांजर आणि आपण

(सभासद व विद्यार्थी यांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. तो आम्ही ऐकला, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटले नाही. या व्यासपीठावरून शिक्षण, नोकरी, संघटना, आरोग्य अशा विषयांवर बोलले जाते. तेथे एका मांजरीविषयी तासभर कोण बोलणार? परंतु गेल्या महिन्यात आपल्याच दोन सभासद कुटुंबांत एका मांजरीवरून बोलाचाली झाली आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जाता जाता राहिले. अभ्यासिकेतील मुलांचीही तक्रार आली की मागच्या गल्लीतली कोणीतरी आणून ठेवलेली मांजर रात्रभर ओरडते आणि वाचन होत नाही. तेव्हा अध्यक्षांनी आम्हांस सांगितले, "गुरुजी, तुमच्या घरी हे सगळे होऊन गेले आहे, तुम्हीच बोला." म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही प्राण्यांचे डॉक्टर नाही. महानगरपालिकेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले, एवढीच आमची पात्रता. जे सांगू ते घरात घडलेले, डॉक्टरांना विचारलेले आणि नंतर वाचून पडताळलेले आहे.

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहतो. आपल्यापैकी अनेकांना तेथील जुन्या म्हाडा इमारती माहीत आहेत. घर म्हणजे दीड खोली. आम्ही दोघे, मुलगा, सून आणि नात अशी पाच माणसे. मुलाची पाळी बहुधा रात्रीची. नात त्या वर्षी बारावी सायन्सला होती. तळमजल्यावर एक आजी एकट्याच राहत होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या वारल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाने खोलीतले सामान टेम्पोत भरले, कुलूप घातले आणि तो भाड्याच्या घरी निघून गेला. कपाट गेले, पलंग गेला, पाण्याचे पिंप गेले. राहिली ती त्यांची मांजर. ती त्या बंद दाराशी उंबऱ्यावर बसून राहिली. दोन दिवस लोकांनी जाता-येता पोळीचा तुकडा टाकला. तिसऱ्या दिवशी आमच्या नातीने तिला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणले.

पुनर्विकासात इमारती रिकाम्या होऊ लागल्या की हे दृश्य दिसते. माणसे बोचकी बांधून जातात आणि मांजरे जिन्यात राहतात. मांजराला माणसापेक्षा जागेची ओढ जास्त, असे आपल्याकडे म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. आपला वास जेथे लागला आहे ती जागा मांजराला सुरक्षित वाटते. पण त्या जागेत रोजच्या वेळेला येणारे माणूसही असते, हे आम्हांस फार उशिरा कळले. त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिली रात्र ती पलंगाखाली बसून राहिली. दुसऱ्या रात्री पावणेचार वाजता तिने तोंड उघडले. बंधू-भगिनींनो, मांजरीचे ओरडणे आणि मांजरीचे रडणे यांत फरक आहे. हे रडणे होते. लांब, खालच्या पट्टीत सुरू होऊन वर चढणारे. ती दाराशी जाई, स्वयंपाकघरात जाई, खिडकीत चढे, पुन्हा दाराशी येई. साडेचारपर्यंत हे चाले. मग ती झोपे आणि आम्ही जागे राहत असू. असे तीन आठवडे चालले.

आमच्या भिंतीपलीकडे एक गृहस्थ राहतात. त्यांची बायपास शस्त्रक्रिया झालेली. ते पहिल्या आठवड्यात काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर टकटक करू लागले. तिसऱ्या आठवड्यात दारात येऊन म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सगळ्यांना शहाणपण शिकवता. रविवारपर्यंत हिचे काहीतरी करा, नाहीतर मी सोसायटीला लेखी देतो." ते चुकीचे बोलले असे आजही आम्ही म्हणणार नाही. हृदयविकाराच्या माणसाला पहाटे चारला दचकून उठावे लागते, हे काही थोडे नव्हे. इकडे नात प्रिलिमच्या तयारीत होती. तिच्या डोळ्यांखाली काळे आले होते. तरी ती मांजरीविरुद्ध एक शब्द बोलत नव्हती, कारण तीच तिला घेऊन आली होती.

या तीन आठवड्यांत आम्ही जे जे केले ते सर्व सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. दूध दिले. मांजराला दूध, हे आपण लहानपणापासून चित्रांत पाहिलेले. परंतु बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. तिला जुलाब झाले आणि घरात वेगळीच पंचाईत झाली. रागावलो, चप्पल आपटली. पाणी शिंपडले. त्याचा परिणाम इतकाच की पाण्याचा तांब्या हातात घेतला की ती आम्हांला पाहून पळू लागली. पावणेचारचे ओरडणे होते तसेच राहिले. गॅलरीत बंद केले, तर आवाज आमच्या एका घराऐवजी समोरच्या इमारतीलाही मिळू लागला. एका हितचिंतकाने सुचवले की आपली तापाची गोळी अर्धी करून द्या, गप्प पडून राहील. हा सल्ला आम्ही ऐकला नाही, हे आमचे नशीब. नंतर डॉक्टरांनी सांगितले की पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. आपले यकृत ज्या रीतीने त्या औषधाचा निचरा करते, ती रीत मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. माणसाची झोपेची, तापाची, सर्दीची कोणतीही गोळी मांजराला द्यायची नाही. विद्यार्थी मित्रांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, एवढे ठेवावे.

आणि मग आम्ही ते केले जे सांगायला जीभ रेटत नाही. शनिवारची रात्र होती, १० डिसेंबर. नात क्लासला गेली होती. आम्ही तांदळाची रिकामी गोणी घेतली, मांजरीला तिच्यात घातले, तोंड सुतळीने बांधले आणि रिक्षाने मासळी बाजारापर्यंत गेलो. मनाची समजूत काढली ती अशी की तेथे हिला खायला भरपूर मिळेल. बाजार बंद होत होता. गोणी सोडली तर ती बाहेरच येईना. आम्ही गोणी उपडी केली, ती एका फळकुटाखाली शिरली, आणि आम्ही मागे न पाहता निघालो.

त्या रात्री घरात आवाज नव्हता. पावणेचारला आम्ही दोघेही जागे होतो. पत्नी एवढेच म्हणाल्या, "आता आणखी कशाला जागे आहात?"

सकाळी नातीला कळले. ती भांडली नाही. पुस्तक बंद करून ती पायात चप्पल घालू लागली. दारात थांबून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच नागरिकशास्त्र शिकवायचात ना?" नंतर आम्ही शोधून वाचले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या ११व्या कलमात, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा सांगितला आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मूलभूत कर्तव्ये पाठ करून घेत असू. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य आहे, संविधानाच्या ५१-क अनुच्छेदात. शेकडो मुलांकडून ते वाक्य आम्ही घोटून घेतले असेल.

नातीबरोबर आम्हीही गेलो. तीन तास शोधले. शेवटी एका कोळणीने हाक मारली. तिच्या टोपल्यांच्या मागे मांजर बसली होती. मासळी बाजारात राहूनही तिने काही खाल्लेले दिसत नव्हते. बाजारातल्या बोक्यांनी तिच्या मानेला ओरखडले होते. कोळीण आम्हांला म्हणाली, "म्हातारं जनावर हाय, बाबा. हितं कसं जगंल?" तोपर्यंत ती म्हातारी आहे हे आम्हांला ठाऊकसुद्धा नव्हते.

म्हणून मंगळवारी आम्ही तिला घेऊन परळला गेलो. तेथे जनावरांचे बाई साकरबाई दिनशा पेटीट रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. इतकी वर्षे त्या बाजूने बसने गेलो, परंतु आत पाऊल कधी टाकले नव्हते. डॉक्टरांनी आमचा पहिला प्रश्न, "हिला गप्प कसे करावे?" बाजूला ठेवला आणि विचारले, "ती खाते किती? पाणी किती पिते? लघवी किती वेळा? वजन घटले का? ओरडताना लंगडते का, चुकल्यासारखी फिरते का?" आमच्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. तीन आठवडे आम्ही तिचा आवाज ऐकत होतो, पण तिच्याकडे पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी जे समजावले ते थोडक्यात सांगतो. रात्री ओरडणारे मांजर आणले की आधी आजार नाही ना, हे पाहायचे. मांजर दहा वर्षांच्या पुढे असेल तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा विकार, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार या गोष्टी तपासाव्या लागतात. थायरॉईड वाढला की मांजर भरपूर खाऊनही वाळते आणि रात्रभर अस्वस्थ फिरते. मांजराचा रक्तदाबही पट्टा बांधून मोजतात, पायाला किंवा शेपटीला; हे पाहून आम्हांला नवल वाटले. म्हातारपणी कान गेले की ते मोठ्याने ओरडते, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. काही म्हाताऱ्या मांजरांना माणसांसारखा विसरभोळेपणाही येतो. खोलीच्या मधोमध उभे राहून, आपण कोठे आहोत हे न कळल्यासारखे ती ओरडतात.

तरुण मांजरीची गोष्ट वेगळी. ती माजावर आली की रात्री अशी ओरडते की नवख्या माणसाला वाटावे हिच्या पोटात दुखते आहे. पाच-सहा महिन्यांची झाली की हे सुरू होऊ शकते. सुमारे आठवडाभर टिकते आणि बोका न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते. याला दुसरा इलाज नाही, नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. "एकदा पिल्ले होऊ द्या, मग शांत होईल" असे सांगणारे प्रत्येक चाळीत असतात. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात, आणि त्या पिल्लांचे काय करायचे हे सांगायला ते सल्लागार येत नाहीत. बोका असेल तर तो बाहेरच्या मांजरीच्या वासाने दारावर धडका देतो; त्यालाही उपाय तोच.

बोक्याविषयी एक गोष्ट मात्र जपून ऐकावी. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो आहे, जोर करतो आहे, ओरडतो आहे आणि लघवीचा थेंबही येत नाही, असे दिसले तर ते "रात्री ओरडणे" नव्हे. मूत्रमार्ग तुंबलेला असतो. अशा बोक्याला सकाळची किंवा रविवार संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचे. एक-दोन दिवसांत तो दगावतो. बद्धकोष्ठ आहे असे समजून एरंडेल पाजत बसू नये.

आमच्या मांजरीचा डावा कान टोकाला कापलेला होता. भांडणात तुटला असेल अशी आमची समजूत. डॉक्टर म्हणाले, "ही नसबंदीची खूण आहे. कोणीतरी हिची शस्त्रक्रिया केव्हाच करून घेतली आहे." म्हणजे तळमजल्यावरच्या त्या एकट्या आजींनी, पेन्शनीच्या पैशांत, हे काम करून ठेवले होते. वय दहाच्या आसपास असावे. थायरॉईड ठीक, मूत्रपिंड ठीक. परंतु दोन दाढा इतक्या किडलेल्या की त्या काढाव्या लागल्या. दाढ दुखत असताना आपण रात्री काय करतो ते आठवावे. दिवसा कामात दुखणे विसरते, रात्री ते जागवते.

दाढा काढल्यावर ओरडणे निम्मे झाले. परंतु पावणेचारची वेळ सुटली नाही. अगदी घड्याळ लावल्यासारखी.

त्याचे कोडे डिसेंबरअखेरीस सुटले. आजींची लेक रेशनकार्डाच्या कामासाठी आली होती, ती वर चहाला आली. मांजरीला पाहून तिने हाक मारली, "ठके!" आम्ही तिला महिनाभर मनी म्हणत होतो आणि ती मान वळवत नव्हती. ठकी म्हटल्याबरोबर ती पलंगाखालून बाहेर आली आणि लेकीच्या पायांत घोटाळू लागली. मग लेकीने सांगितले. आजी पहाटे पावणेचारला उठत. नळाला चार वाजता पाणी येई, पिंप भरायचे असे. पाण्याची धार लागली की त्या ठकीला सुक्या बोंबलाचे एक डोके देत आणि तिच्याशी बोलत बसत. दहा वर्षे. झोपायला आजींच्या गोधडीचा कोपरा. गोधडीचे काय झाले म्हणून विचारले, तर ती भांड्यांवर घालवली होती. लेकीकडे आजींचे एक लुगडे होते, ते तिने दुसऱ्या दिवशी आणून दिले.

म्हणजे आमच्या घरी रोज पहाटे पावणेचारला जे होत होते ते असे होते. तिची वेळ झाली होती, आणि ज्यांची वाट पाहायची त्या येत नव्हत्या.

आता थोडे शास्त्र सांगतो, विद्यार्थ्यांसाठी. मांजर निशाचर आहे असे आपण म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. मांजर मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असते, कारण त्याची शिकार, उंदीर आणि पाखरे, त्याच वेळेला हलते. आपल्याला लागणाऱ्या उजेडाच्या सहाव्या हिश्शातही त्याला दिसते. दिवसातले बारा ते सोळा तास ते झोपते. आपण दिवसभर कामावर, मांजर दिवसभर पलंगावर. मग आपली झोपायची वेळ ती त्याची कामाची वेळ. दुसरे असे की मोठी मांजरे एकमेकांना क्वचितच "म्याव" करतात. पिल्लू आईला करते आणि मोठे मांजर माणसाला. हा आवाज ती आपल्यासाठी राखून ठेवतात.

आणि आपण त्या आवाजाला काय उत्तर देतो? येथे आम्हांला आमचे डी.एड.चे मानसशास्त्राचे पुस्तक आठवले. थॉर्नडाइकची प्रयत्न-प्रमाद उपपत्ती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती आणि पुढे कितीतरी शिक्षकांना समजावून दिली होती. हा थॉर्नडाइक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला. पुढे १९१३ साली बाबासाहेब जेथे शिकायला गेले तेच हे विद्यापीठ. त्याने १८९८ साली आपल्या प्रबंधात जे प्रयोग मांडले ते भुकेल्या मांजरांवरचे होते. लाकडी खोक्यात मांजर ठेवायचे, बाहेर माशाचा तुकडा. आत एक दोरीचा फासा किंवा खटका; तो दाबला की दार उघडते. मांजर आधी ओरबाडते, चावते, ओरडते, आणि योगायोगाने खटका दाबते. पुढच्या खेपेला वेळ कमी, त्यापुढे आणखी कमी. ज्या कृतीने समाधान मिळते ती कृती पक्की होते. तो परिणामाचा नियम.

तर मित्रहो, आमच्या दीड खोलीत तोच प्रयोग चालू होता, फक्त खटका आम्ही होतो. ठकी ओरडली की आम्ही उठत होतो. कधी दूध, कधी बिस्किट, कधी शिव्या, कधी दिवा लावून तिच्या मागे पळणे. एकट्या पडलेल्या जनावराला शिव्याही चालतात. माणूस उठला ना! त्यातून कधी उठायचे, कधी नाही, असे केले की आणखी वाईट. स्किनरने कबुतरांवर दाखवले आहे की बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून दिले तर सवय अधिक चिवट होते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मग आम्ही काय केले? पहिली गोष्ट, शेजाऱ्यांकडे गेलो. हे आधी करायला हवे होते. गोणीची हकीकतही त्यांना सांगितली. त्यांना म्हटले, "दाढेचे दुखणे काढले आहे. आता पंधरा दिवस आम्ही तिला उत्तर देणार नाही. त्यात पहिला आठवडा आवाज वाढेल, कमी होणार नाही. तेवढे सोसाल का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तारीख सांगा. मी पंधरा दिवस मुलीकडे जाऊन येतो." आम्ही १ जानेवारी सांगितली. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली. नातीने कानांत कापूस घातला आणि झोपण्याची जागा स्वयंपाकघरात हलवली.

दुसरी गोष्ट, तिचा दिवस बदलला. संध्याकाळी सातनंतर आणि पुन्हा आमच्या झोपण्यापूर्वी नात सुतळीला कागदाचा बोळा बांधून तिला दहा-दहा मिनिटे धावडवी. म्हातारी असली तरी धावते. शेवटी बोळा पकडू द्यायचा, नाहीतर ती चिडते. शिकार झाली की जेवण. म्हणून रात्रीचे मुख्य खाणे अकरा वाजता, उकडलेले मासे, मीठ-मसाल्याशिवाय, काटे काढून. सुका बोंबील खारट म्हणून डॉक्टरांनी बंद केला. पोट भरले की मांजर अंग चाटते आणि झोपते, हा क्रम निसर्गाने लावलेला आहे. दिवसा ती सलग झोपू नये म्हणून गॅलरीच्या कठड्याला जाळी मारली आणि तिला कबुतरे दिसतील असे एक खोके ठेवले. मातीचा ट्रे रोज साफ, पाण्याची वाटी वेगळ्या कोपऱ्यात. आजींचे लुगडे पलंगाच्या पायथ्याशी. ते आम्ही धुतले नाही. पत्नीला आधी ते पटले नव्हते, परंतु वास हीच त्यातली वस्तू होती.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. पावणेचारला उठायचे नाही. डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही, "शू" म्हणायचे नाही. सकाळचे खाणे साडेसहाला, आणि तेही उठल्याबरोबर नाही. आधी दात घासायचे, चहा ठेवायचा, मग वाटी. म्हणजे माणूस उठणे आणि खाणे मिळणे यांची गाठ सुटते.

१ ते ३ जानेवारी नेहमीसारखे गेले. चौथ्या रात्री तिने पाच वाजेपर्यंत आकांत केला. पाचव्या रात्री ती आमच्या छातीवर उभी राहून तोंडाशी ओरडली. सहाव्या रात्री मुलगा घरी होता, तो उठून बसला. आम्ही त्याचा हात धरून खाली ओढला. खटका अचानक चालेनासा झाला की प्राणी तो आणखी जोराने दाबतो. बहुतेक लोक याच रात्री हरतात, उठतात, आणि मांजर शिकते की असे एवढे ओरडावे लागते. आम्हीही हरलो असतो. परंतु शेजारचे गृहस्थ आपले अंथरूण घेऊन मुलीकडे गेले होते, आणि त्यांना तारीख दिलेली होती. नवव्या रात्री चार हाका. बाराव्या रात्री दोन. चौदाव्या रात्री ती उठली, दाराशी गेली, थोडा वेळ बसली आणि लुगड्यावर परत आली. हे आम्ही डोळे किलकिले करून पाहिले.

एक खुलासा करतो. ही "उत्तर न देण्याची" रीत दवाखान्यातून आल्यानंतरची आहे, आधीची नाही. आजारी, तुंबलेल्या, घाबरलेल्या मांजराकडे दुर्लक्ष करणे याला शिकवणे म्हणत नाहीत. नवे आणलेले मांजर पहिले काही दिवस एका खोलीत, लपायला जागा देऊन ठेवावे, त्या दिवसांत त्याला धडे देऊ नयेत. आणि आधी कधी न ओरडणारे मांजर एकाएकी ओरडू लागले, तर उठावे आणि दिवा लावून पाहावे.

अभ्यासिकेच्या मुलांना उत्तर द्यायचे राहिले. तुमच्या मागच्या गल्लीतील मांजर आम्ही काल संध्याकाळी जाऊन पाहिली. ती तरुण आहे, कान अखंड आहे, आणि ती जमिनीला पोट लावून, मागचा भाग वर करून लोळत होती. तिला दगड मारून उपयोग नाही. ती माजावर आहे. खर्चाचा अंदाज काढून संस्थेच्या पुढच्या बैठकीत ठेवू; तोपर्यंत तुमच्यापैकी कोणी तिला रोज एका ठरावीक जागी खाणे देऊन पिंजऱ्यात यायची सवय लावील काय, एवढेच विचारतो. दोन मुले पुरेत. नावे सभेनंतर आमच्याकडे द्यावीत.

नातीची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री ती दोनपर्यंत वाचत होती आणि ठकी तिच्या वहीवर बसली होती. शेजारचे गृहस्थ १६ जानेवारीला परत आले होते. आठ दिवसांनी ते आमच्या दारात आले आणि त्यांनी विचारले, "गुरुजी, ती आहे ना? की पुन्हा सोडून आलात?" आम्ही त्यांना आत बोलावून दाखवली.

आजही पहाटे कधीतरी ती एक हाक देते. इमारतीत कोणाकडे पिंप भरत असले, पाण्याची धार लागलेली ऐकू आली, की ती उठून दाराशी जाते. आम्ही उठत नाही. पत्नी मात्र अंथरुणातूनच हळू "ठके" म्हणतात. आमच्या शास्त्राप्रमाणे तेही म्हणू नये.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. शंका असतील त्यांनी चहाच्या वेळी भेटावे.